उसवून शिवलेला जबडा

कारखान्यात तिला सगळे ‘कात्री’ म्हणायचे. शाळेचे गणवेश शिवणारा तो कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना लागून मशिनांच्या दोन रांगा, मधे बेतायचं मोठं टेबल, टोकाला इस्त्रीची जागा. टीप मारून झाली की दोरा तोडायचा, आणि तोडायचा म्हणजे मान वाकवून पुढच्या दातांनी ‘टक्’ करायचा. कात्री शोधत बसायला वेळ कुणाला? मशिनांच्या खडखडाटात दिवसभर ही टकटक चालू असायची. तिला एकटीला ते जमायचं नाही. म्हणून गळ्यात नाडीला बांधलेली एक छोटी कात्री, कायमची.

“अंघोळीला जाताना तरी काढतेस का गं?” शेजारच्या मशिनावरची काजवाली विचारायची. ही बाई काजं करायची आणि बटणं लावायची, आणि हात चालतो तेवढीच तिची जीभही चालायची.

“नाही. तिलाही साबण लावते,” कात्री म्हणायची, आणि म्हणताना नकळत तळहात तोंडापुढे धरायची.

कारण तिचे पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. मागच्या दाढा टेकल्या तरी पुढे करंगळी सहज शिरेल एवढी फट राहायची. बोलताना त्या फटीतून जीभ डोकवायची आणि ‘स’ म्हटला की थोडी हवा सुटायची. बोलण्याचं एक वेळ चालून गेलं असतं, लोक काय, सवयीनं ऐकतात. पण खायचं काय? पावाचा घास हातानं तोडायचा, गालाशी सरकवायचा आणि दाढांनी दळायचा. सफरचंद, पेरू, काकडी, जे म्हणून चावून तोडायचं, ते तिच्यापर्यंत बारीक फोडी होऊनच यायचं. फोडी करायची आई. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून करत होती, आणि पोरगी पंचविशी ओलांडून गेली तरी डब्यात फोडीच. लग्नाकार्याला गेली की कात्री सगळ्यांच्या आधी म्हणून टाकायची, “मला भूकच नाही.” घरी येऊन भिंतीकडे तोंड करून जेवायची.

लहानपणी शाळेत दात तपासायला आलेल्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाढ पूर्ण होऊ द्या, मग बघू. वाढ पूर्ण झाली, त्यावर आणखी वर्षं लोटली, वडील गेले, घर तिच्या मशिनावर चालायला लागलं, आणि बघायचं राहूनच गेलं.

मग कानाजवळ दुखायला लागलं. आधी जांभई देताना, मग जेवताना, मग नुसतं बसल्याबसल्याही. कॉलर शिवता शिवता ती डाव्या गालावर तळवा दाबून धरायची. बेतायच्या टेबलापाशी उभे असलेले मास्तर, म्हणजे कारखान्याचे मालक, काही दिवस चष्म्यावरून बघत राहिले. एका सकाळी खडू ठेवून ते तिच्या मशिनाशी आले.

“दाढ दुखतेय का?”

“दाढ नाही मास्तर, बिजागरी,” ती म्हणाली.

“मशीन असा आवाज करायला लागलं तर आपण वरून तेल सोडत बसतो का? उघडून बघतो. जा, मोठ्या दवाखान्यात दाखवून ये. आज कॉलर नाही झाल्या तर पोरं काही उघडी हिंडणार नाहीत.”

मोठ्या सरकारी दवाखान्यात तिला या खोलीतून त्या खोलीत पाठवत शेवटी जबड्याच्या डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. बाई बुटक्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागदाची एक पातळ पट्टी तिच्या पुढच्या दातांमधे धरली. “मिटा दात. घट्ट.” आणि पट्टी ओढली. ती सुर्रकन निघून आली, कुठेही न अडकता. मग तीच पट्टी दाढांमधे. तिथे मात्र अशी अडकली की ओढताना फाटली.

“बघा, सगळा भार या मागच्या चारसहा दाढांवर आहे. झिजून सपाट झाल्यात. म्हणून सांधा दुखतोय.”

“मग तारा लावून होईल ना? आमच्या ओळखीत एकीचे दात तारांनी सरळ झाले.”

“तिचे दात वाकडे असतील. तुमचे दात बिचारे जागेवर आहेत, हाडाचं माप चुकलंय.” बाईंनी भिंतीवरच्या दिव्यावर एक्स-रे लावला. “वरचा जबडा मागच्या बाजूला जरा जास्त खाली उतरलाय. त्यामुळे दाढा आधी टेकतात आणि पुढचं दार उघडंच राहतं. नुसत्या तारांनी दात ओढून फट मिटवता येईल, पण तारा काढल्या की परत उघडेल.”

कात्री त्या करड्या चित्राकडे बघत राहिली. “म्हणजे खांदाच चुकीचा बेतलाय आणि आपण बटणं सरकवत बसायची.”

“हां! खांदा उसवावा लागेल. वरचा जबडा आतून सोडवायचा, मागून जरा वर उचलायचा आणि बारीक पट्ट्या-स्क्रूंनी तिथे बसवायचा. मग खालचा आपसूक मिटतो.”

पण बाईंनी लगेच हातही वर केला. “हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत नाही बरं का. थोडंफार मागेपुढे असेल आणि खाता-बोलता येत असेल, तर हाडाला हात लावायचा नाही. वाढीच्या वयातल्या पोरांना थांबा म्हणते, कारण हाड वाढतंय तोवर बसवलेलं माप टिकत नाही. पण चावता येत नाही, दाढा झिजतायत, सांधा धरतोय, कुणाचा झोपेत श्वास अडकतोय, कुणाचा अपघातात जबडा वाकडा बसलाय, अशांना मी सांगते की विचार करा. धोकेही आहेत. ओठ-गाल बरेच दिवस बधिर राहतील, थोडी बधिरता कधीकधी कायमची राहते. रक्त जातं, जखम चिघळू शकते, क्वचित पुन्हा उघडावं लागतं. घाई नाही. घरी बोला.”

दारापर्यंत जाऊन ती परत वळली. “बाई, एक विचारू? मला पुढच्या दातांनी तोडता येईल? काहीही. एकदा तरी.”

“त्यासाठीच करायचं ते,” बाई म्हणाल्या.

घरी बोलणं काही सोपं नव्हतं. आई भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातली जुडी परातीत आपटली.

“भूल देणार, हाड कापणार, आणि तू मला खांदे आणि बटणं सांगतेस? देवानं दिलेला चेहरा आहे तो. आभार मानायचे सोडून त्यात चुका काढायच्या?”

“आभार मानतेच की गं. पण तुला मोतीबिंदू झाला तेव्हा तूच म्हणालीस ना, लवकर काढून टाका म्हणून?”

“तो म्हातारपणानं आला होता.”

“आणि म्हातारपण कुणी दिलं?”

“फार शहाणी झालीस! शिवायला ठेवली तुला, वकिलीला नाही,” आई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. पुढचे दोन दिवस देवापुढचा दिवा लावताना ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राही आणि मधूनच डोळे उघडून मुलीकडे बघून घेई.

पुढच्या खेपेला मात्र ती बरोबर निघाली. “मी फक्त ऐकायला येतेय,” असं बजावून. डॉक्टरीणबाईंनी तिला काहीच समजावलं नाही. कपाटातून प्लॅस्टरचे दोन पांढरे साचे काढले, तिच्या मुलीच्या वरच्या आणि खालच्या दातांचे, आणि तिच्या हातात दिले. “मिटवून बघा.”

आईनं एकावर एक ठेवून बघितले. फिरवून बघितले, दाबून बघितले. दाढा टेकल्या, पुढे फट तशीच. तिनं त्या फटीत आपलं बोट घातलं. मग साचा उलटा करून झिजलेल्या दाढांवरून अंगठा फिरवला, धान्य निवडताना फिरवतात तसा.

“मला वाटायचं लाडानं मागते फोडी,” ती शेवटी म्हणाली. “शेजारणींना सांगायचे, आमच्या राणीसरकारांना सगळं चिरून लागतं. आणि हिला तोडताच येत नव्हतं.”

“आई, मी तरी कुठे कधी सांगितलं?”

“सांगायचं कशाला? मी आई ना तुझी?” तिनं साचे अलगद टेबलावर ठेवले, तान्हं मूल ठेवावं तसे. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, “कापड तर देवानं चांगलंच दिलंय. पुरं करायचं कुणाच्या तरी हातून करून घ्यायचं असेल त्याला. या बाईंचा हात हलका वाटतो.”

आधी तारा लागल्या. हाड हलवण्याआधी प्रत्येक जबड्यातले दात आपापल्या जागी सरळ उभे करावे लागतात, म्हणून वर्षभराहून जास्त तारा. आणि त्या वर्षात फट मिटायची सोडून वाढलीच. तसं होणार हे बाईंनी आधी सांगून ठेवलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं.

“काय गं, दुरुस्तीला दिलंय की मोडीत काढलंय?” काजवालीनं विचारलं.

“उसवलेला शर्ट कधी बघितला नाहीस का? आधी चिंध्याच दिसतात.”

“ते खरं. पण शर्टाला उसवताना दुखत नाही बाई.” आणि त्या दिवशी तिनं स्वतःच्या डब्यातलं मऊ मऊ कात्रीच्या डब्यात सरकवलं, काही न बोलता. काजवाली काही न बोलता काही करते हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. सगळं काम तोंडाच्या आतून, बाहेर एक ओरखडा नाही. पण चेहरा असा फुगला की आई वॉर्डात शिरली ती सरळ पलंगापुढून निघून गेली आणि पार टोकाला जाऊन परिचारिकेला म्हणाली, “अहो, माझी मुलगी कुठे ठेवलीत?” मागून कात्रीनं चादरीवर थाप मारली. आई वळली, बघितलं, पदर तोंडाला लावला. रडते की हसते ते तिचं तिलाही कळेना. कात्रीला हसायचं होतं, पण हसायला चेहरा जागेवर नव्हता.

मग पातळ खाण्याचे आठवडे. जबडा हलवायचा नाही, चावायचं नाही, सगळं गाळून. मास्तरांनी कारखान्यातून धुवट मलमलीचा एक लांब तुकडा पाठवला, सोबत निरोप, “टिकाऊ आहे, गाळा हवं ते.” आई डाळी, भाज्या, फळं शिजवून त्यातून गाळायची. वरचा ओठ बधिर, त्यामुळे वाटीतलं हनुवटीवरून ओघळलं तरी कात्रीला पत्ता नसायचा. “पूस,” आई म्हणायची. लहानपणी म्हणायची, अगदी तसंच. सूज हळूहळू उतरली. पुढचे दात पहिल्यांदाच एकमेकांजवळ आले. ओठ मिटले. आपोआप, कष्ट न करता. ती आरशापुढे नुसती ओठ मिटून उभी राहायची.

पुढे मऊ भात-खिचडीसारखं खायची परवानगी मिळाली आणि ती कामावर परतली. आणि तिथेच तिनं घोळ घातला.

बाईंनी तिला बारीक रबरी कड्यांचं एक पाकीट दिलं होतं. वरच्या तारेच्या आकड्यातून खालच्या तारेच्या आकड्यात कडी अडकवायची, रोज नवी. हाड धरतंय तोवर या कड्या दातांना नव्या जागेची वाट दाखवतात. शाळा सुरू व्हायचे दिवस, कारखान्यात गणवेशांचे ढीग. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं कापड बेतायच्या कागदाची पट्टी कापली आणि बाई करायच्या तसं स्वतःच करून बघितलं. उजवीकडच्या दाढांमधे पट्टी अडकली. डावीकडे सरकली. पुन्हा केलं, पुन्हा सरकली.

फट परत उघडतेय. एवढं सगळं करून परत उघडतेय. दाखवायला जायची तारीख पुढच्या आठवड्यात होती. आणि शिवणारणीच्या मनात जे येणार तेच आलं. कमरेला इलॅस्टिक घालताना मापापेक्षा जरा तोकडं कापायचं, कारण ते सैल पडतंच, हे ती पोरवयापासून करत आली होती. डाव्या बाजूची कडी सैल पडली असणार, दुसरं काय? तिनं रिळातून बारीक गोल इलॅस्टिकचा तुकडा घेतला, धुतला, तोकडी गाठ मारून त्याची कडी केली आणि डावीकडे बाईंच्या कडीवर अडकवली. जबडा लगेच आवळल्यासारखा झाला. तिला हायसं वाटलं. दुखायला लागलं, तेव्हा तिला वाटलं, धरतंय.

हे असं काही दिवस चाललं. एका सकाळी ती काजवालीशी बोलत होती, आणि काजवाली बोलता बोलता थांबली. हातातली सुई तशीच.

“दात मिट बघू. ओठ बाजूला कर.”

“का?”

“कर म्हणते ना! अगं, तुझी वरची बटणं खालच्या काजांसमोर येत नाहीयेत. एक एक घर सरकलंय. आधी तर समोरासमोर होती. माझी अर्धी हयात यात गेलीय, मला नको सांगू.”

कात्रीनं इस्त्रीच्या जागेजवळच्या आरशात बघितलं. वरच्या दातांची मधली रेघ एकीकडे, खालच्या दातांची दुसरीकडे. तिनं इलॅस्टिकचं सांगितलं तेव्हा काजवालीनं कपाळावर हात मारला. “चड्डीचं इलॅस्टिक तोंडात! मास्तर, आम्ही दोघी निघालो. आणि कुठे ते विचारू नका, मला हसू येईल.”

वाटेत मात्र तिला अजिबात हसू आलं नाही. ती कात्रीचा हात धरून बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं ती गाठीची कडी बाहेर काढली आणि उजेडात धरली. “हे काय आहे?”

“इलॅस्टिक.”

“ते दिसतंय. कुठलं?”

“चड्डीचं,” कात्री पुटपुटली. मग घाईनं, “धुतलेलं होतं.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. “अहो, कमरेचं इलॅस्टिक सैल पडतं. इथे सैल पडायला काय आहे? इथे दातच ओढले जातात! आणि कागद एका बाजूला सरकला म्हणून घाबरायचं कशाला? डावीकडची एक दाढ अजून टेकायची होती, तेच मी पुढच्या आठवड्यात करणार होते. शंका आली की यायचं. शिवायचं नाही!”

एक्स-रे काढायला पाठवलं. बाकावर बसून कात्री वाट बघत राहिली. हाड सरकलं असेल तर? आई साचे हातात घेऊन बसली होती ते तिला आठवत राहिलं. तिनं देवाकडे काही मागितलं नाही, मागायला तोंड नव्हतं. नुसतं म्हणाली, माझी अक्कल मी मधे आणली, आता तुझी चालू दे. काजवाली शेजारी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. ती शिव्या देत होती की प्रार्थना करत होती ते कळायला मार्ग नव्हता.

बाई एक्स-रे घेऊन आल्या. “पट्ट्या घट्ट आहेत. हाड हललेलं नाही. फक्त दात ओढले गेलेत, ते परत येतील. लवकर आलात म्हणून.”

“हिच्यामुळे,” कात्री म्हणाली.

“मी काजं करते,” काजवालीनं बाईंना सांगितलं, जणू तेवढ्यात सगळं आलं.

नव्या कड्या लागल्या, यावेळी बाईंनी स्वतः दाखवून दिल्या आणि दर आठवड्याला यायला लावलं. रेघा हळूहळू समोरासमोर आल्या. गालातली बधिरता मुंग्या येत येत उतरली, ओठाच्या एका कोपऱ्यात थोडी राहिली ती राहिली. कानाजवळचं दुखणं कधी थांबलं ते तिला कळलंही नाही, एक दिवस जांभई देऊन झाल्यावर लक्षात आलं.

तारा निघाल्या त्या दिवशी बाईंनी पुन्हा कागदाची पट्टी पुढच्या दातांमधे धरली. “मिटा.” ओढली. पट्टी येईना. जोरानं ओढली, तशी फाटली आणि एक तुकडा कात्रीच्या दातांत राहिला. तो तिनं काढून हातरुमालात गुंडाळला.

“आता दोरा तोडू?”

“अजिबात नाही! दोरा तोडून दातांना खाचा पडतात. खायच्या गोष्टी खुशाल तोडा.”

दुसऱ्या दिवशी तिनं हे कारखान्यात सांगितलं, तेव्हा काजवाली उठून आरशापाशी गेली, बराच वेळ ओठ वर करून बघत राहिली आणि परत येऊन म्हणाली, “मलापण एक कात्री बांधून दे नाडीला.”

जेवणाच्या सुट्टीत कात्रीनं डबा उघडला. वरच्या कप्प्यात रोजच्यासारख्या फोडी नव्हत्या. एक अख्खी काकडी होती, धुतलेली, कोवळी, डब्यात मावावी म्हणून नीट निवडून घेतलेली. आईनं सकाळी काही सांगितलं नव्हतं.

तिनं ती उचलली. तोंडापुढे धरायला तळहात वर आला, तो तिनं खाली घेतला. आणि चावली. असा ‘कर्रकन’ आवाज झाला की इस्त्रीवाल्यानं मान वर केली.

“हळू गं!” काजवाली म्हणाली. “मला वाटलं माझं मशीन गेलं.”

अर्धी काकडी खाऊन कात्री थांबली. तुटल्या जागी दातांची कमान उमटली होती, एकसारखी, सरळ टिपेसारखी. उरलेली अर्धी तिनं परत डब्यात ठेवली.

संध्याकाळी तिनं डबा आईपुढे उघडला. आईनं चष्मा लावला, काकडी उजेडात धरून दातांच्या खुणा बघितल्या, त्यावरून अंगठा फिरवला. मग उठली आणि ती तशीच घेऊन देवापुढे जाऊन उभी राहिली.

“आई! उष्टी आहे ती!”

“ठेवत नाहीये,” आई म्हणाली. “दाखवतेय.”